जरा अपसेट

मला अक्षरं अठ्ठावन्नाव्या वर्षी आली. आमच्या बोरी बुद्रुकच्या विहारात संध्याकाळी बायकांचा वर्ग भरायचा, तिथं मी पाटी धरली. कांद्याच्या लागणीला आम्ही बाराजणी मिळून एकरावर काम घेतो. मला लिहिता यायला लागलं तेव्हा उद्या कोण कोण येणार ती यादी करायचं काम माझ्याकडं आलं. पिकअपवाला सकाळी तीच यादी बघून बायका गोळा करायचा.

मागच्या डिसेंबरात त्या यादीतून मी कुशाबाईचं नाव गाळलं.

कुशाबाई आणि मी चाळीस वर्षं शेजारशेजारच्या वाफ्यात बसून रोपं लावली. ती वरच्या आळीची, मी आमच्या वस्तीतली. तिच्या सासूला ते खपायचं नाही, तरी दुपारची भाकरी ती माझ्याजवळच सोडायची. एकीचा हात मागं पडला की दुसरीनं आपला वाफा उरकून तिच्या वाफ्यात शिरायचं, असं आमचं न बोलता चालायचं. दोन वर्षांपासून तिचे गुडघे गेले. तिचा अर्धा वाफा मीच ओढायची. मग माझाही मागं राहायचा आणि पोरी कुरकुरायच्या. तेजस्विनी तर एकदा म्हणाली, "मावशे, तुझ्या मैतरणीला वाफ्यात खुर्ची टाकून देऊ का?" सगळ्या हसल्या. कुशाबाईही हसली. मीही हसले.

पारगावला दोन एकरांचं काम आलं तेव्हा मी अकराच नावं लिहिली. म्हटलं, रात्री तिच्या घरी जाऊन समजावून सांगू. पण पाय उचलला नाही. सकाळी पिकअप फाट्यावर आली, तर ही डबा बांधून उभी. पिकअपवाल्यानं नावं वाचली. सगळ्या चढल्या.

"जानके, माझं राह्यलं का गं?" तिनं मला विचारलं.

"आज जागा न्हाई, कुशे."

जागा होती. तिला ती दिसतही होती. तिनं डबा या हातातला त्या हातात घेतला. गाडी निघाली.

आठ दिवसांनी ती भोसरीला लेकाकडं, भरतकडं, राहायला गेली. मला सांगून गेली नाही. तिच्याकडं फोन नाही. भरतची पोरगी प्राची कॉलेजात शिकते, तिचा नंबर माझ्याकडं होता. मी एकेक अक्षर जुळवून विचारलं, "आजी कशी आहे? माझ्यावर रागवली का?"

उत्तर आलं, "आजी बरी आहे. तुमच्यावर जरा अपसेट आहे."

अक्षरं लागली, अर्थ लागला नाही. माझी नात कल्याणी ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. तिला विचारलं, "ह्यो अपसेट म्हंजे केवढा राग?"

ती हसली. "राग नाही गं, आजी. मन खट्टू होतं ना, ते. त्यात 'जरा' लिहिलंय, म्हणजे काहीच नाही."

"इंग्रजांकडं असले किती राग हायेत?"

"लई हायेत," ती माझ्यासारखं बोलून दाखवत म्हणाली. "अनॉइड म्हणजे वैतागलेली. इरिटेटेड म्हणजे सारखं टोचून चिडचिड झालेली. मिफ्ड म्हणजे मानपान नाही झाला म्हणून नाक फुगवलेली."

"तुझी आई भांडी आपटती त्ये?"

"ते इरिटेटेड."

"आन् तुझा आजा जेवायला बसायचा न्हाई त्ये?"

"ते मिफ्ड. संध्याकाळी जेवायचे ना?"

"दोन भाकरी जास्त खायचा."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मी ते सगळे शब्द वहीत लिहून घेतले. मला बरं वाटलं. आमच्याकडं रीत आहे, मोठ्या रागाला माणसानं स्वतः उठून दाराशी जायचं. पण बारक्या रुसव्याला जायचं नाही. गेलं की तो रुसवा मोठा होतो, लोक विचारायला लागतात, समोरच्या माणसाला मग तो उगाच धरून बसावा लागतो. आपोआप निवू द्यायचा. हा बारकाच आहे, असं मी धरलं आणि गेले नाही.

खरं सांगते, कुशाबाईचा राग मला चाळीस वर्षं माहीत होता. तो बारका नसतो. पण बारका शब्द मला सोयीचा होता.

संक्रांत झाली. पुन्हा विचारलं. प्राचीनं लिहिलं, "अजून थोडी अनॉइड आहे." मी वही उघडून अर्थ बघितला. म्हटलं, वैताग आहे, चालायचंच. मार्चात तिसरं उत्तर आलं, "आता काही नाही, जानकाआजी. ती तुमचं नावसुद्धा काढत नाही. विसरली असेल."

ते वाचायला वहीची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणगावहून एसटी धरली.

प्राची मला घ्यायला भोसरीच्या स्टॉपवर आली. चालता चालता मी तिला विचारलं, "आजी काय म्हणायची गं माझ्याबद्दल? तिच्या शब्दांत सांग."

ती थांबलीच. "जानकाआजी, कसं लिहिणार होते मी ते? ती म्हणाली होती, 'तिला कळव, चाळीस वर्षं मी तिचा वाफा वढला, तिनं मला फाट्यावर टाकली.' रडत होती. मग रोज गॅलरीत बसायची. म्हणायची, येईल ती. संक्रांतीपर्यंत म्हणत होती."

"आन् तू अपसेट लिहिलंस."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आम्ही असंच लिहितो."

पोरीचा काय दोष? तिनं माझी काळजीच केली होती. आम्ही जिना चढलो.

कुशाबाई खुर्चीत बसली होती, गुडघ्यांवर शाल. मला बघून तिनं पदर सारखा केला.

"या. बसा की," ती म्हणाली. "उन्हाचं आलात."

चाळीस वर्षांत तिनं मला कधी 'या' म्हटलं नव्हतं. मी खाली तिच्या पायाशी बसले.

"कुशे, माझं चुकलं. गाडीत जागा व्हती."

"अवो, त्यात काय चुकायचं? माझ्यानं काम व्हत न्हवतं. तुमी तरी किती वढणार?"

"शिव्या दे मला. पण तुमी म्हनू नगं."

"शिव्या कशापायी देऊ, बाई?" ती खरंच विचारत होती. तिच्या तोंडावर राग कुठं सापडतो का ते मी बघत होते. नव्हता. सुनेनं चहा आणला. "पावण्यांना बिस्किटं दे," कुशाबाई तिला म्हणाली. मग कल्याणीची परीक्षा कधी, पारगावचा कांदा कसा आलाय, तिनं सगळं विचारलं. मी सांगत गेले. ती "बरं झालं, बरं झालं" म्हणत गेली.

थोड्या वेळानं तिची मालिका लागली. मी आणखी दोन वेळा बोलायचा प्रयत्न केला. तिनं मान हलवली, पण डोळे टीव्हीकडं होते. चहाचा कप मोरीवर ठेवून मी पिशवी उचलली.

"येते मी, कुशे."

"सावकाश जावा," ती म्हणाली, आणि प्राचीला आवाज मोठा करायला सांगितला.