उन्हाळा न आलेल्या वर्षाची गोष्ट

“थांब! पुढं एक शब्द बोलू नको.” हवाबीच्या हातातली सुरी सुरमईवरच अडली.

उमामा गांगरली. उद्या वर्गात प्रत्येकानं एक भीतीची गोष्ट सांगायची होती, तीच ती आधी अम्मीला सांगून पाहत होती. इंग्रजीच्या मॅडमनी शिकवलं होतं, की पावणेदोनशे वर्षांमागं इंडोनेशियात एक ज्वालामुखीचा डोंगर फुटला, त्याच्या धुरळ्यानं ऊन अडवलं आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं कुजली, माणसं उपाशी मेली. पावसानं घरात कोंडलेल्या काही लेखकांनी एकमेकांना भयकथा सांगितल्या. त्यातली एक पुढं जगभर गाजली. उमामाच्या गोष्टीत तसल्याच धुरळ्यात एक जहाज बुडत होतं.

“म्हणून तू बापालाच बुडवलंस गो?”

“स्टोरी आहे, अम्मी. अब्बाचं नाव कुठं घेतलं मी?”

नाव घ्यायची गरजच नव्हती. उमामाचा बाप हारून मस्कतच्या एका कंपनीच्या मालवाहू जहाजावर इंजिनाचं तेलपाणी बघायचा. गेल्या जूनमध्ये, १९९१ साली, फिलिपिन्समधला असाच डोंगर फुटला, तेव्हा जहाज तिथल्याच बंदरात होतं. भर दुपारी काळोख, वरून राखेचा चिखल. “डेकवरची राख फावड्यानं उपसतोय. मी बरा हाय,” एवढाच फोन आला होता. आता जानेवारी उजाडला. जहाज पुन्हा त्याच दर्यात, आणि महिनाभर फोन नाही. मस्कतमधल्या त्यांच्या दार्सैत वस्तीत यंदा गारठाही भलताच होता. संध्याकाळचं आभाळ कलेजीसारखं लालकाळं व्हायचं. शेजारची वजीरा म्हणायची, ती त्याच डोंगराची धूळ. हवाबी मग खिडकी लावून घ्यायची.

“दुसरं कायतरी सांग. भुताचं सांग.”

“मॅम बोलल्या, जे खरंच स्केरी वाटतं ते सांगा.” उमामा म्हणाली. “मला भूत नाही वाटत स्केरी.”

आपली भीती पोरीला कळली नाही, असं इतके दिवस हवाबी धरून चालली होती. तिनं हात धुतले, उमामाला जवळ ओढलं. “सांग. शेवटपर्यंत सांग.”

फेब्रुवारीत हारून आला. राखेनं छाती धरली होती. परमुलखातल्या दवाखान्यात पडून होता, घरी कळू दिलं नव्हतं. जिना चढताना मध्येच बसला. कंपनीनं ‘खलास’ म्हणून कामावरून काढलं होतं. व्हिसा संपला की परत गावी, रत्नागिरीला.

दुपारी जेवताना त्यानं लेकीकडून ती गोष्ट मागून घेतली. जहाज बुडालं, बाप बुडाला, तरी तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, “आन मंग घरातली मान्सं काय करतात?”

उमामानं आईकडं पाहिलं. तिची गोष्ट तिथंच संपत होती.

“जेवतात,” हवाबी म्हणाली, आणि तांदळाची गरम भाकरी तिनं त्याच्या ताटात वाढली.