दोघींचं भाडं

"जाणार मी एकटी आणि भाडं दोघांचं? हा कुठला न्याय?" काचताईने काउंटरवर कोपर टेकवून विचारलं.

प्रवास कंपनीतली मुलगी हसली. "अहो मावशी, जहाजावरच्या खोलीत पलंगच दोन असतात. दुसरा रिकामा राहिला म्हणून आम्ही तो समुद्रात थोडाच टाकणार?"

"अगं, मी एका कुशीवर झोपते. अर्ध्या पलंगात भागतं माझं."

"भागत असेल हो. पण भाडं दोघांचंच!"

काचताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. लोकांना लांबचं लख्ख दिसावं म्हणून तिने सगळी उमर मान खाली घालून काढली, आणि स्वतः मात्र घर, दुकान, इस्पितळ या त्रिकोणाबाहेर फिरकली नाही. कारण घरी आई होती. आईची हाडं म्हणजे खडू. जरा धक्का लागला की कटकन! वडील गेले, धाकटा भाऊ नोकरीसाठी लांब गेला, आणि आई तिच्या वाट्याला आली. 'वाट्याला आली' असं लोक म्हणायचे. काचताई कधी म्हणाली नाही.

जहाजाचं वेड जुनंच. आठवडाभर नुसतं पाणी बघायचं, आणि कुणी हाक मारायची नाही. दोनदा तिने बेत आखला आणि दोनदा मोडला. एकीचं तिकीट जमायचं, पेट्रोल जमायचं, बंदरावरच्या पार्किंगचंसुद्धा जमायचं. पण आठवडाभर आईजवळ राहणाऱ्या बाईचा पगार धरला की सगळं बजेट धाडकन कोसळायचं. दुसऱ्यांदा बेत मोडला तेव्हा आई अंथरुणातून म्हणाली होती, "जा गं पोरी. मी काय, पडून राहीन इथे."

"पडशील म्हणूनच तर जात नाही!" काचताई म्हणाली होती, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

थंडी सरता सरता आई गेली.

भाडं ऐकून घरी आल्यावर तिने भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, जाच तू आता. बजेट बसतंय की! त्या बाईचा खर्च वाचला ना."

त्याने जीभ चावली असावी.

"म्हणजे ताई… मला तसं नव्हतं म्हणायचं गं."

"बरोबरच आहे तुझं," ती म्हणाली. "वाचला."

खरंच बरोबर होतं, आणि तेच तर दुःख होतं. त्या रिकाम्या पलंगाचं भाडं जवळजवळ त्या बाईच्या पगाराइतकंच होतं. म्हणजे आई असती तरी तेवढाच खर्च, नसली तरी तेवढाच. जाऊनसुद्धा म्हातारीने आपला वाटा सोडला नाही! काचताईला फिस्सकन हसू आलं आणि मधेच विरलं. आई गेली म्हणून जमलेली मजा करायची तरी कशी? पण आता तिसऱ्यांदा बेत मोडला, तर आपण जन्मात उंबरा ओलांडणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिने आईच्या औषधांसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले आणि भाडं भरून टाकलं.

निघायच्या दिवशी सकाळी तिने छोटी गाडी बाहेर काढली. शेजारची सीट पार मागे सरकवलेली, तिच्यावर आईची उशी. उशी घरात ठेवायला म्हणून तिने दोनदा उचलली आणि दोनदा जागच्या जागी ठेवली.

पहिलाच गतिरोधक आला. काचताईने गाडी जवळजवळ थांबवली. पुढची चाकं अलगद उतरवली, मग मागची, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून कान किटवले आणि शेजारून जाताना डोकं बाहेर काढलं.

"काय हो बाई, अंडी भरलीत काय गाडीत?"

या प्रश्नाचं तिचं उत्तर वर्षानुवर्षं तयार असायचं: "आई आहे!" ते ऐकलं की भले भले ट्रकवाले वरमायचे. आज तिने नुसती काच वर केली.

बंदराचा रस्ता अर्ध्यापर्यंत तिच्या पायाखालचा होता. हाडांच्या मोठ्या इस्पितळात इकडूनच जायचं. कुठल्या पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह बिनपायरीचं, कुठल्या दाराची कडी आतून अडकते, सगळं तिला तोंडपाठ. नेहमीच्या पंपावर गाडी आपोआप वळली. तिथली झाडणारी बाई ओळखीची होती.

"आज आजी नाही आल्या?"

"घरी आहे," काचताई म्हणाली.

म्हणाली, आणि गाडीत येऊन तशीच बसून राहिली. आई घरी आहे, मग आपण इथे काय करतोय? तिने गाडी सुरू करून पंपाच्या तोंडाशी आणली. एका हाताला बंदर, दुसऱ्या हाताला घर. चाक घराकडे वळलंही. घरी जायचं म्हणून सवयीने तिने पर्समध्ये हात घातला, आणि हाताला किल्ली लागली. घराची, गार. परत गेलं तर कुलूप उघडावं लागणार होतं. आई घरी असताना त्या दाराला एकदाही कुलूप लागलं नव्हतं.

तिने चाक सरळ केलं आणि बंदराची वाट धरली.

इस्पितळाचा फाटा मागे पडला. पुढचा रस्ता अनोळखी. एक कुत्रं मधे आलं, करकचून ब्रेक लागला, आणि तिचा एक हात आपसूक शेजारच्या सीटपुढे आडवा झाला. हाताला उशी लागली. पुढचे कितीतरी मैल तो हात तिथेच होता.

बंदरावर तिने गाडी थेट उताराच्या फळीपाशी नेऊन लावली. पार्किंगवाला धावत आला.

"मॅडम, ही जागा व्हीलचेअरवाल्यांची आहे. पेशंट आहे का गाडीत?"

काचताईने त्याच्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. मग एकेक अक्षर चाचपत म्हणाली, "आई नाहीये आता."

तो गोंधळला. "मग… मागच्या रांगेत घ्या ना. तिथे भरपूर जागा आहे."

तिने गाडी मागच्या रांगेत नेली. समोर जहाज उभं होतं, पांढरंशुभ्र, इमारतीएवढं. कठड्यापाशी माणसं कुणाकुणाला हात हलवत होती. ती उतरली, गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. आईला दोन्ही पाय जमिनीवर टेकायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ उभी राहिली.

मग तिने दार हलकेच लोटलं, बॅग उचलली आणि जहाजाकडे निघाली. मागून येणारे लोक भराभर तिला ओलांडून पुढे जात होते. गुडघे धडधाकट होते तिचे; पण एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल, अशी ती आईच्याच चालीने चालत होती.