ब्रेकवरचा पाय

तुळजापूरच्या घाटात मोटार उभी करायची तर दोन माणसं लागत. एकानं ब्रेक दाबून बसायचं, दुसऱ्यानं उतरून मागच्या चाकाखाली दगड द्यायचा. ड्रायव्हर वरून ओरडायचा, "लाव!" खालून "लावला" आलं की मगच त्यानं पाय उचलायचा. लढाईच्या दिवसांत सुटे भाग मिळत नव्हते, हँडब्रेक नावापुरते उरले होते, आणि गिअरात ठेवलेली गाडी कधी सुटेल याचा नेम नव्हता. माणसांचा जीव त्या एका शब्दावर टांगलेला असे.

गुंडाप्पाच्या मोटारीवरचा क्लीनर बब्रुवान याच घाटात, एका वळणावर मेला. "लावला" ऐकून गुंडाप्पानं पाय उचलला आणि गाडी मागं गेली. दगड बब्रुवानच्या हातातच राहिला. ठेवायच्या आधीच गडी बोलून मोकळा झाला, असं गुंडाप्पानं पोलीसपाटलाला सांगितलं, बायकोला सांगितलं, बब्रुवानच्या आईलाही तोंडावर सांगितलं. दोन वर्षं त्या उतावळ्याला तो मनात शिव्या घालत होता. शिव्या दिल्या की जरा झोप लागे.

वाटेत मेलेल्याला एक दगड वाहिल्याशिवाय कुणी पुढं जात नसे. त्या वळणावर दगडांचा चांगला ढीग झाला होता.

आणि मग एके दिवशी गाडीत मोटारीच्या मालकाची, शरणबसप्पाची, सून शिवगंगा होती. मूल आडवं आलं होतं. उस्मानाबादच्या दवाखान्यात वेळेत पोचली तर वाचेल, असं सुईण म्हणाली होती. शेजारी सासू शांताक्का. नवा क्लीनर तापानं घरी पडलेला. आणि भर दुपारी, नेमक्या त्याच वळणावर, इंजिन उकळून वाफ सोडू लागलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही उगीच नाही.

गुंडाप्पानं ब्रेक दाबला. चाकं डोंगराकडं वळवावीत, तर तिकडची कड खचलेली.

"शांताक्का, म्या पाय काढू शकत न्हाय. तुमीच उतरा. मागच्या चाकाखाली दगड लावा अन् लावला की सांगा."

"शिवा शिवा! मला कुठं येतंय हे," म्हणत म्हातारी उतरली.

मागं टपावरून बांधलेल्या ताडपत्रीमुळं काही दिसत नव्हतं. गुंडाप्पा वरून ओरडला, "लावा, अक्का!"

"लावला."

आवाज चाकापासूनच आला. पुरुषाचा.

गुंडाप्पाचा पाय सवयीनं सुटू पाहत होता. त्यानं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. "अक्का! कुठं हाय तुमी?"

"इथं हाय की!" लांबून, ढिगापासून उत्तर आलं. "रस्त्यात एक बी धोंडा न्हाय. मेलेल्याचा घ्यायचा तर हात जोडून इचारावं लागतंय."

"मग आत्ता कोण बोललं?"

"कुणी न्हाय की रे."

"बोललं," मागच्या सीटवर शिवगंगा कण्हली. "म्या बी ऐकलं."

गुंडाप्पाला तो आवाज ओळखीचा होता. बब्रुवान मेला त्या दिवशी ऐकलेला तोच. पण बब्रुवान कधी नुसतं "लावला" म्हणत नसे. "लावला, उस्ताद" म्हणे. शिव्या खाल्ल्या तरी उस्ताद म्हणे. त्या दिवशी उस्ताद आलं नव्हतं. म्हणजे बब्रुवान बोललाच नव्हता, घाटातलं दुसरंच काहीतरी बोललं होतं. तो बिचारा दगड घेऊन चाकाकडं येत होता, आणि दोन वर्षं गुंडाप्पानं त्याच्या माथी खोटा दोष मारला होता. गुंडाप्पाला रडू कोसळलं.

शांताक्कानं धापा टाकत दगड आणला, चाकाखाली दाबून बसवला आणि खिडकीशी आली. "लावला, बाबा. काढ पाय."

तिचं तोंड दिसत होतं, हाताची धूळ दिसत होती. तरी पाय उचलेना. "अजून एकदा बोला, अक्का."

"लावला म्हणते न्हवं!"

पाय उचललाच नाही. शेवटी इंजिनात पाणीही म्हातारीनंच ओतलं, आणि गाडी पुढं काढायची तेवढ्यापुरताच त्याचा पाय हलला.

शिवगंगा वाचली, लेकरूही वाचलं. दवाखान्याचं आवार तळहातासारखं सपाट होतं. गुंडाप्पा तिथंही दिवस मावळेपर्यंत ब्रेक दाबून बसला होता. लोक खिडकीशी येऊन "उतर आता" म्हणत, आणि तो दर वेळी विचारी, "कोण बोललं?"