आई स्वयंपाकघरात होती

आमच्या ह्यांना परक्या बापांचा भारी कळवळा! स्वतःची पोर दोन आखाज्या माहेराविना सासरी बसलेली, त्याचं काही नाही. पण इस्राएल देशातल्या कुण्या पोरीसाठी हे काल देवळाच्या ओट्यावर, अख्ख्या कोरीट गावासमोर, उपरण्यात नाक शिंकरून रडले.

हे म्हणजे चुनीलाल, गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष. वाचनालय म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली ह्यांच्या करगोट्याला. पुण्याहून मासिक आलं की ओट्यावर मोठ्यानं वाचायचं, आणि मग सगळ्यांनी मत द्यायचं. या खेपेला इस्राएलची गोष्ट होती, आजच्या काळातली, मराठीत आणलेली. रेताड गावातला एक बाप. शहरात लग्न करून गेलेल्या लेकीशी बोलणं टाकलेला. दर शुक्रवारी दुपारी बस येते तेव्हा तो संत्र्याच्या झाडामागे उभा राहून कोण उतरतं ते बघतो. तिकडे लेकही बसपर्यंत येते, पायरीवर पाय ठेवते आणि मागे फिरते. शेवटी बस रिकामी येते. झाली गोष्ट.

"आता आपापला प्रतिसाद सांगा," हे डोळे पुसत म्हणाले.

रूपचंदभाऊंनी विचारलं, "रेतीमां संत्रा कशा येतस? पानी कोठलं?"

"अहो, हे साहित्य आहे, शेतकी नाही!"

मग आमचा सालदार भिकन उठला. त्याला बिचाऱ्याला खरंच कळेना. "मंग तेस्नी मुराई काब्र धाडा नही?"

मुराई म्हणजे मुराळी; तो का नाही धाडला, असं विचारत होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, बाप नाहीतर भाऊ. तो गेल्याशिवाय लेकीला सासरचा उंबरा ओलांडता येत नाही. आमच्या तापीला भाऊ नाही.

हे चिडले. "अरे, त्यांच्यात मुराळी नसतो, आखाजी नसते! मुद्दा अभिमानाचा आहे. अभिमानापायी माणूस लेकीला कसा मुकतो..."

ओट्याखाली मी बायकांत बसले होते. बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांना मात्र पत्ताच नाही! पुढे बोलतच राहिले.

ह्यांचा अभिमान कशावरून, तेही ऐका. तापीच्या लग्नात पंगत बसली असताना हे भाषणाला उभे राहिले. बराच वेळ झाला तेव्हा तळोद्याचे व्याही म्हणाले, "व्याहीबुवा, वरण गार होतंय." लोक हसले. बस, एवढंच! तेव्हापासून ह्यांचं एकच, त्यांनी आधी माफी मागावी, मग हे लेकीला आणणार. वरणापायी पोर अडकली हो माझी!

घरी येऊन हे दौत घेऊन बसले. मासिकानं वाचकांचे प्रतिसाद मागवले होते. ह्यांनी चार पानं लिहिली आणि मला वाचून दाखवली: 'त्या पाषाणहृदयी पित्याने एकदा तरी झाडाआडून पुढे यायला हवे होते.' माझ्या हातातलं लाटणं थांबलं. असं वाटलं, की जाऊ दे, काय वाटलं ते सांगत नाही.

"तूही काही सांग ना," हे म्हणाले. "स्त्री वाचकाचं मत छापतात ते."

"आणा इकडे."

मी चौथी शिकलेय. बोट ठेवून गोष्ट पहिल्यापासून वाचली. त्या पोरीची आई मला हवी होती. ती कुठे गेली? सापडली, एका ओळीत: 'आई स्वयंपाकघरात होती.' पुढे ना तिचं नाव, ना शब्द. मी वर पाहिलं. मी कुठे होते? चुलीपाशीच! दोन वर्षं ह्यांची समजूत घालत, ह्यांच्याच पोळ्या लाटत बसलेली.

"लिहा," मी म्हटलं. "त्या बाईनं चूल विझवून बस का धरली नाही?"

"जसोदा, तू गोष्टीचं मर्मच..."

"लिहा हो मुकाट्यानं!"

सकाळी मी भिकनला गाडी जुंपायला लावली. हे ओसरीवरून ओरडले, "बाई माणूस कधी मुराळी जातं का? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांचा प्रतिसाद तुम्ही मागवा, तुम्हाला सवय आहे." नंदुरबारला बस धरली आणि दुपारी तळोदा गाठलं.

विहीणबाईंनी पाणी दिलं आणि माझ्यामागे दाराबाहेर पाहिलं. "मुराई कोन शे?"

"मी शे."

त्या गडबडल्या, मग हसू आवरत आत गेल्या आणि तापीच्या पिशवीत स्वतःच्या हातानं लुगडं घालून आल्या. व्याही ओट्यावर होते, त्यांनी नुसती होकारार्थी मान डोलावली. एवढ्याशा गोष्टीसाठी दोन वर्षं गेली! तापी माझ्या गळ्यात पडली, आणि काय विचारलं असेल?

"बापू नही उनात?"

बापू आले नाहीत का म्हणे! हिला पण बापूच हवा! मी तिची पिशवी उचलली.

परतताना कोरीटच्या फाट्यावर उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग कडुनिंबामागे उपरण्याचं टोक हललं. तापीनंही पाहिलं. तिचा हात माझ्या हातात घट्ट झाला, पण पाऊल पुढे पडेना. तीही बापाचीच लेक.

संताप संताप झाला माझा. रडूही आलं.

"अहो," मी ओरडले, "या बाहेर! बस रिकामी नाही आली."