बर्फाचा आकडा

ओमानच्या वाळवंटातल्या हैमात उन्हाळ्यात कुणी गाडी बंद करत नाही. दुकानासमोर रिकाम्या गाड्या घरघरत उभ्या असतात, आत एसी चालू. त्यामुळे गबीशाच्या पिकअपची बॅटरी महिनाभर मरणपंथाला लागली होती, तरी शेजाऱ्याखेरीज त्याचा कुणाला पत्ता नव्हता. रोज सकाळी शेजाऱ्याच्या गाडीला वायर जोडून ती इंजिन चालू करी आणि मग दिवसभर किल्लीला हात लावत नसे. पेट्रोलपंपावरचा ओळखीचा माणूस चालू इंजिनाकडे कानाडोळा करी.

पण आता शम्साचे, तिच्या थोरल्या लेकीचे, दिवस भरत आले होते. निझवाचं इस्पितळ साडेतीन तासांवर, आणि मधे नुसतं वाळवंट. तिथे गाडी बंद पडली तर काय, या विचाराने गबीशाला घास गोड लागत नव्हता. लेकीला मात्र तिने यातलं काही सांगितलं नव्हतं.

नवरा मुसल्लम उंटांमागे लांब गेला होता. गबीशाने फोनवर बॅटरीचं कळवलं, तसं त्याने फर्मान सोडलं, की सगळ्यांत मोठ्या आकड्याची बॅटरी घे, माझ्या भावाने घेतली तशी. दुकानात ती काचेपाशी उन्हात झळकत होती. गबीशाने तिच्याकडे बोट दाखवलं, तसा दुकानदार दाद करीम हसला. हा बलुची म्हातारा तोंडाचा फटकळ, पण मनाचा साफ.

"उम्म सईद," मुलाच्या नावाने तिला हाक मारत तो म्हणाला, "तो आकडा बर्फात गाडी चालू करायच्या ताकदीचा आहे. हैमात बर्फ कधी पडला होता?"

मग त्याने आतल्या गार खोलीतून एक साधीच बॅटरी आणली. आकडा लहान, पण आतल्या पट्ट्या जाड, आणि वर दोनच महिन्यांपूर्वीची तारीख. इथे बॅटरी थंडीने नाही, उकाड्याने मरते, आणि काचेपाशी ठेवलेली तर विकायच्या आधीच अर्धी मेलेली असते, असं तो म्हणाला. गबीशाने नवऱ्याचा शब्द मोडला आणि तीच बॅटरी बसवून घेतली. मोडला खरा, पण घरी आल्यावर दारातही तिने इंजिन चालूच ठेवलं.

ती आत आली तर शम्सा बोचकं बांधून तयार. "आई, आत्ताच निघू या."

वाटेतल्या आदम गावच्या पंपावरचा माणूस अनोळखी निघाला. इंजिन बंद केल्याशिवाय तो नळीला हात लावेना. गबीशाने अल्लाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. एकदम शांत झालं. पेट्रोल भरून होईपर्यंत तिने श्वाससुद्धा पुरता घेतला नाही. मग किल्ली पुन्हा फिरवली, आणि पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली.

तिला रडूच फुटलं.

"अगं, रडतेस काय? अजून काही झालं नाही मला," शम्सा म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही गं, या मेल्या गाडीसाठी रडतेय." आणि महिनाभर लपवलेलं सगळं तिने सांगून टाकलं.

शम्सा सीटची कड घट्ट धरून बसली होती. कळ ओसरल्यावर म्हणाली, "मला काय माहीत नव्हतं? रोज सकाळी वायर लावायचीस, मी आंधळी आहे का? काल रात्रीपासून कळा येताहेत. बॅटरी बसल्याशिवाय तुला सांगून करणार काय होते?"

गबीशा रडता रडता हसली, आणि निझवापर्यंत तिने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला नाही. बाळ इस्पितळातच झालं, पोहोचल्यावर वीस मिनिटांनी.