पडद्यावरची सुभद्रा

“सांगा, या यंत्रात चूक कुठे आहे?” कोठारेसरांनी छडी पडद्यावर टेकवली.

माटुंग्याच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मनमोहन कोठारे स्वतः काढलेले फोटो दाखवून शिकवायचे. आकृतीत माणूस नसतो, फोटोत असतो, असं त्यांचं म्हणणं. इतर प्राध्यापक त्याला ‘सिनेमा’ म्हणून हसत. चित्रं पडद्यावर टाकणारा कंदील सांभाळायला मागे लवू शिपाई. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात हा गडी घसा बसेपर्यंत ओरडायचा. वर्गात मात्र ‘होय सर’पलीकडे अक्षर नाही.

पोरांनी पट्ट्यात चूक काढली, दात्यांत काढली, तेलातसुद्धा काढली. लवूचं तिकडे लक्षच नव्हतं. पडद्यावर त्या यंत्रापाशी त्याची सुभद्रा उभी होती! परळच्या गिरणीत सूत गुंडाळणारी, लालबागच्या खोलीत सगळ्यांच्या शेवटी जेवणारी त्याची बायको आज भिंतभर झाली होती. नाकात नथ, अंगावर लग्नातलं लुगडं, पाय जुळवून ताठ. फोटो निघणार म्हटल्यावर बायका नटूनथटून गेल्या होत्या आणि पायाखालचे रिकामे खोके त्यांनी आपणहून लपवले होते. फोटोत पसारा कशाला!

“यंत्राची उंची बरोबर आहे, सर,” शशिकांत म्हणाला. वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. “बाई आरामात उभी आहे.”

आरामात! खोक्यावर चढायला गिरणीत मनाई होती. खात्याचा मुकादम, जॉबर, बघून न बघितल्यासारखं करी, पण साहेबाच्या कानावर गेलं तर बाई घरी बसायची. बोलावं तर सुभद्राची नोकरी जाणार, आणि गप्प बसावं तर ही पोरं उद्या असलीच यंत्रं बनवणार.

“सर, हो फोटो खरो नाय.”

सगळा वर्ग मागे वळला.

“काय म्हणालास, लवू?”

“ती माझी बायको. यंत्राच्या वरच्या रांगेक तिचो हात पोचणा नाय. खोक्यार चवड्यांनी उभी रवता. फोटोसाठी खोके लपवल्यानी.” त्याने दाराकडे पाहिलं. “पण तिचा नाव खंय सांगू नका, सर. तिका काढतीत.”

सर खुर्चीत बसले. “आपण यंत्रात चूक शोधत होतो,” ते म्हणाले, “चूक माझ्या फोटोत होती.”

घरी सुभद्राने लवूला फैलावर घेतलं. “तुमका कोणी सांगलेला पचकूक? वीस वर्सा खोक्यार गेली, ऱ्हवलेली पण तशीच गेली असती!”

पुढच्या आठवड्यात सर आगाऊ न कळवता गिरणीत जाऊन आले. नवा फोटो पडद्यावर आला. चेहरा नाही, नाव नाही. खोक्यावर फक्त दोन पावलं, टाचा उचललेल्या, शिरा तट्ट फुगलेल्या.

“उठा. चवड्यांवर उभे राहा, हात वर,” सर म्हणाले. “तिची पाळी आठ तासांची आहे. आपण दहा मिनिटं बघू.”

चौथ्या मिनिटाला पहिला मुलगा बसला. मग बाकांवर धपाधप रांगच लागली. शशिकांत सहाव्याला खाली आला. आठव्याला सरांनीच टेबलाचा आधार घेतला.

मागे कंदिलापाशी लवू अजून हात वर करून चवड्यांवर उभा होता. पोटऱ्या थरथरत होत्या, डोळ्यांतलं पाणी गालावर ओघळत होतं. एवढ्या वर्षांत जी एकदाही ‘पाय दुखतात’ म्हणाली नव्हती, तिच्या पावलांवरून त्याची नजर हलेना. हात जोडावेत असं त्याला फार वाटलं. पण त्यासाठी ते खाली घ्यावे लागले असते, म्हणून त्याने ते तसेच वर ठेवले.