पाय पूर्वेला

झुलाल बांधावर येऊन उभा राहिला तेव्हा नवल कमरेइतका खड्ड्यात उतरला होता. झुलाल नवलच्या बायकोचा, मंजुळाचा, धाकटा भाऊ. बहिणीला जाऊन चार तासही झाले नव्हते, तरी अंघोळ करून त्याने सदरा बदलला होता.

"दाजी, आते राहू द्या."

नवलने टिकाव थांबवला नाही. ही जागा त्याने दोन वर्षांपूर्वीच आखून ठेवली होती, स्वतःच्या शेतात, बाभळीजवळ. दोघांच्या कबरींसाठी. पाय पूर्वेला, म्हणजे प्रभू येईल त्या सकाळी उठताच तोंड त्याच्याकडे. शेजारच्या गावात पुरलेला ख्रिस्ती माणूस गावकऱ्यांनी दुसऱ्या दिवशी उकरायला लावला, तेव्हापासून नवल रोज पहाटे मंजुळाला घेऊन गुडघे टेकायचा. काही झालं तरी विश्वास सोडणार नाही, असं तिच्याकडून म्हणवून घ्यायचा. तीही म्हणायची.

"शेत माझं शे," नवल म्हणाला. "गावाला काय करायचंय?"

झुलालने खिशातून कागद काढला.

"अक्कानं लिखेल शे."

वहीचं पान होतं. मी मेल्यावर मला अग्नी द्यावा, माझ्या भावाने द्यावा. खाली सही. तिचा 'ळ' नेहमीसारखाच ओळीखाली घसरलेला. नवा करार वाचता यावा म्हणून नवलनेच तिला अक्षरं शिकवली होती.

"कधी?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी. तुम्ही दोंडाईचाला सभेले गेले होते."

"तू लिहून घेतलं."

"मी नको म्हनत होतो." झुलाल बांधावर बसला. "ती म्हने, बठ्ठा गाव शेतात येईल. हा मानूस एकटा टिकाव घेऊन उभा राहील अन् मार खाईल. मागे सरकनारा नही शे."

"अन् प्रभूचं काय म्हणाली?"

"ते माले काय विचारता दाजी? मी काय पाळक शे का?"

नवलने कागद पुन्हा वाचला. त्यात देवाचं नाव नव्हतं. नवलचंही नव्हतं.

झुलालने वरून हात दिला. तो न धरता, कडेला गुडघा टेकून नवल बाहेर आला.

दुपारी झुलालने मंजुळाला अग्नी दिला. कोणी अडवायला आलं नाही. सरपंचाने लाकडं पाठवली. ज्यांनी वर्षभर नवलशी बोलणं टाकलं होतं, तेही आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

रविवारी उपासना संपल्यावर ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे, धनसिंगआबा, त्याच्याशेजारी चटईवर बसले. अग्नीचं त्यांच्या कानावर आलं होतं, पण त्यांनी तो विषय काढला नाही. मंडळीतलं कोणी गेलं की ते घरच्यांना एकच गोष्ट विचारत, प्रभूला भेटायची तयारी होती का.

"मंजुळाबहीण तयार होती ना, नवल?"

नवल चटईची सुटलेली काडी आत सारत राहिला.

"होती," तो म्हणाला. "माले सांगेल नव्हतं."